सहा बाटल्यांचे एकमत

माझे धाकटे दीर रसायनशास्त्रज्ञ आहेत, असे त्यांच्या कार्डावर अजून छापलेले असते. प्रयोगशाळेचा कोट त्यांनी केव्हाच खुंटीला टांगला आणि स्वतःला आंतरराष्ट्रीय सहकार्याला वाहून घेतले. म्हणजे आपल्यासकट शेजारशेजारच्या सहा देशांच्या रसायन संस्थांचा एक महासंघ आहे, त्याचे ते चिटणीस झाले. करारांवर सह्या करायच्या, टेबलावर छोटे झेंडे सरळ करायचे आणि येताना हॉटेलातला साबण माझ्यासाठी आणायचा.

आता एकच हौस उरली होती, महासंघाचे अध्यक्षपद. आडवा येत होता शेजारच्या देशाचा प्रतिनिधी. इतका गोड बोलायचा की भाऊजी त्याला घरात ‘लोणी’ म्हणत.

त्या वर्षी महासंघाने चुकून रसायनशास्त्राचे काहीतरी करायचे ठरवले. सहाही देशांना एकसारख्या पाण्याच्या बाटल्या पाठवायच्या, प्रत्येकाने त्यात शिसे किती ते मोजायचे आणि आकडे वार्षिक सभेत उघडायचे. बाटल्या भरायचे काम भाऊजींकडे आले.

“वहिनी, हे लोक मोजत नाहीत, फोन करून आकडा जुळवतात,” माझ्या स्वयंपाकघरात चहा ढवळत ते म्हणाले. “म्हणून तीन बाटल्यांत मी शिसं दुप्पट टाकलंय. संशय नको म्हणून आपल्याही बाटलीत. लोणी फोन फिरवणार, बाकीचे माना डोलावणार आणि भर सभेत मी भांडं फोडणार. मग बघू कोण अध्यक्ष होतो!”

“आपल्याकडे मोजणार कोण?”

“आमचे जावईबापू. मीच तर चिकटवलंय त्यांना प्रयोगशाळेत.”

“त्यांना सांगितलंत?”

“छे! तत्त्व म्हणून काही असतं की नाही?”

सभेला मी जावईबापूंच्या शेजारी बसले होते. भाऊजींनी एकेक पाकीट उघडले. पाच देश, एकच आकडा, दशांश चिन्हापुढचे अंकसुद्धा तेच. भाऊजींचा चेहरा असा खुलला की मला त्यांचे लग्न आठवले. मग त्यांनी आपले पाकीट उघडले आणि वाचायचे थांबले.

“काकू, त्या साहेबांचा फोन आला ते देवासारखं झालं,” जावईबापू माझ्या कानाशी कुजबुजले. “आमचं यंत्र उन्हाळ्यापासून बंदच आहे.”

भाऊजींनी आमच्याकडे पाहिले. भांडे फोडायचे तर पहिले खापर लेकीच्या संसारावर पडणार होते. त्यांनी घसा खाकरला, तोच आकडा वाचला आणि म्हणाले, “असं एकमत विज्ञानात क्वचितच दिसतं.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. हे एकमत कोणी घडवले, ते सगळ्यांना ठाऊकच होते. लोणी अध्यक्ष झाले. रिवाजाप्रमाणे नाव सुचवायचे होते चिटणिसांनी. भाऊजींनी ते सुचवले.

नव्या अध्यक्षांनी लगेच पहिला ठराव मांडला: पुढच्या वर्षी बाटल्यांचा व्याप नको, आकडा सभेतच ठरवावा.

अनुमोदन भाऊजींनीच दिले.