हिरव्या टोकाचा गज

निवृत्त कामगारांच्या मेळाव्यात त्या दुपारची गोष्ट पुन्हा चुकीची सांगितली गेली. आमचे त्या वेळचे मॅनेजर म्हणाले, "मला आतून जाणवलं आणि मी काम थांबवलं." टाळ्या पडल्या. गावातले लोक म्हणतात, टेकडीवरच्या देवाने वाचवले. तिसरी आवृत्ती सर्वांत नीच: प्रयोगशाळेचा अहवालच चुकला होता. ती प्रयोगशाळा माझी होती. म्हणून मी उभा राहिलो, तर मला "काका, बसा" असे सांगण्यात आले. सभेत बसलो, इथे बसणार नाही.

ऐंशीच्या दशकाच्या आरंभी पौड रस्त्यालगत आमचा पोलाद ओतण्याचा कारखाना होता. वितळलेल्या पोलादाची बादली क्रेनने उचलून साच्यांच्या खड्ड्यावर न्यायची आणि खड्ड्यात उतरलेल्या माणसांनी साचे भरून घ्यायचे, ही तिथली रीत. बादलीचा सारा भार दोन बाजूंच्या दोन पिनांवर. स्टोअरमधल्या पोलादी गजांतून कापलेल्या त्या पिना मऊ, कमी कार्बनच्या पोलादाच्याच हव्यात. कारण मऊ पोलाद तुटण्याआधी वाकते, माणसाला पळायला अवसर देते. कडक पोलाद पूर्वसूचना देत नाही.

त्या दुपारी भट्टीतले पोलाद तयार होते. एक नवी पिन बसवून झाली होती, दुसरी फिटर ग्राइंडरवर घासत होता. मी दारातून जाताना ठिणग्या पाहिल्या आणि थबकलो. मऊ पोलादाच्या ठिणग्या लांब, सरळ रेघांसारख्या सुटतात. या ठिणग्या चाकापासून सुटताच फुटत होत्या, फुलबाजीसारख्या. इतकी सुंदर ठिणगी त्या पिनेतून निघता कामा नये, हे मला तत्क्षणी कळले.

मी काम थांबवायला सांगितले, तेव्हा मॅनेजरांनी माझाच अहवाल माझ्यासमोर धरला. "सही कुणाची? पोलाद उत्तम, असं तुम्हीच लिहिलंय."

"मी तपासलेला तुकडा उत्तम होता. ही पिन त्या गजाची नाही. तासभर द्या, कीस काढून कार्बन मोजतो."

"भट्टी तासभर धरून ठेवू? रसायनशास्त्री आता ठिणग्यांवरून कुंडल्या मांडायला लागले का?"

"कुंडली चुकली तर लग्न मोडतं, साहेब. ही चुकली तर खड्ड्यातली माणसं जातील."

ते हसले आणि फिटरने दुसरीही पिन बसवताच त्यांनी हाताने क्रेनला खूण केली. जाणवणे वगैरे झाले असेल, तर ते त्या हाताला ठाऊक नव्हते. बादली भरण्यासाठी भट्टीकडे जायची होती. ती जागची हलली नाही. आमचे बोलणे ऐकून क्रेनवाला शिडीने खाली उतरत होता. कासार आंबोलीकडचा, शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या घरातला माणूस. त्याचा धाकटा भाऊ खड्ड्यात उभा होता.

"साहेब, पोलाद तुमचं हाय, पर खड्ड्यात माजा भाव हाय. मी न्हाई उचलत."

"काम बंद करतोस? मग घरी जा, शेरडं राख."

"राखीन की. शेरडं सांगितल्यालं ऐकत्यात तरी."

खड्ड्यातली माणसे एकेक करून वर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तेव्हा पिना तपासू देण्यावाचून मॅनेजरांपुढे दुसरा मार्गच उरला नाही.

दुसरी पिन पुन्हा काढून तिला करवतीने खाच पाडली आणि ऐरणीवर आडवी धरून घणाचा एक घाव घातला. मऊ असती तर वाकली असती. ती काचेसारखी तुटली. तुटलेल्या तोंडावर साखरेसारखे चकाकते कण होते. आधी बसवलेली पिनही तशीच तुटली. क्रेनवाल्याचा भाऊ ते तुकडे हातात घेऊन कितीतरी वेळ पाहत राहिला.

हे घडले कसे? प्रत्येक गजाचे एक टोक रंगवलेले असे. हिरवे म्हणजे मऊ. तपासणीचा तुकडा कोऱ्या टोकाकडून कापायचा, असा माझा नियम होता. पण मांडणीत रंगीत टोके वाटेकडे असत, म्हणून स्टोअरकीपर सोयीने तिकडूनच कापी. कापता कापता रंगीत टोकेच उरली नाहीत. मग मांडणीच्या त्या खणात जे गज पडलेले दिसले, त्या सगळ्यांना त्याने पुन्हा हिरवा रंग दिला. कोणीतरी चुकून, कोरे टोक वाटेकडे करून ठेवलेला एक कडक गजही त्यात हिरवा झाला. माझ्याकडे आलेला तुकडा खऱ्या गजाचा होता. अहवाल खरा होता, आजही खराच आहे.

महिनाअखेरीस क्रेनवाल्याला कामावरून काढले. "संप" असे कारण लिहिले. तो संप नव्हता, हे मी तेव्हाही म्हणालो होतो.

मेळाव्यात मात्र एक गोष्ट कोणीच काढली नाही. त्या कडक गजाचा काही भाग आधीच कापून दगडखाणीच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरला जोडण्यासाठी पिना बनवल्या होत्या. त्या माझ्या अहवालाच्या प्रतीसह रवाना झाल्या होत्या. परत पाठवा म्हणून पत्रे धाडली, असे मला सांगण्यात आले. परत आलेली एकही पिन मी पाहिली नाही.

पौड रस्त्याच्या चढावर दगडाने भरलेली ट्रॉली पुढे दिसली की मी मुलाला गाडी बरीच मागे ठेवायला लावतो. तो म्हणतो, "बाबा, इतक्या वर्षांनी?" पोलादाला वर्षे कळत नाहीत, एवढेच मी त्याला सांगतो, आणि ट्रॉली वळणाआड जाईपर्यंत तिच्या जोडावरून नजर काढत नाही.