भागरताबाईंची भिंत

त्या भिंतीला चुना लावायला मीच सांगितलं होतं. भागरताबाईंबद्दल लिहायचं तर दुसरीकडून सुरुवात करता येईल, पण ते म्हणजे पुन्हा एकदा खरं लपवणं होईल.

सरकारचे विकासगट तेव्हा नवे होते आणि नोकरीत मीही नवा होतो. मूल या बाजारगावाजवळच्या खेड्यांत बालवाड्या उघडायच्या आणि त्यांची तपासणी करायची, हे माझं काम. भागरताबाई तलावात मासे धरणाऱ्या घरातल्या. चौथी शिकलेल्या, ठेंगण्या, आणि आवाज असा की तलावाच्या या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, हाक मारली तर पलीकडच्या पाळीवर ऐकू जावी. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांच्या बालवाडीतली पोरं अंगणात चिखलाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, करून त्यांत गवताच्या काड्या रोवत होती आणि बाई गेरूत बोट बुडवून भिंतीवर ठिपके देत होत्या.

"अक्षरं कधी शिकवता?" मी विचारलं.

"शिकतीन ना भाऊ. आधी त्याईले बसू तर द्या."

"आणि भिंतीला हा गोवर कसला आलाय?"

"गोवर नाई, हजेरी आहे. तुमची भी एक ओळ काढू का? महिन्यातून एकच ठिपका पडंल."

पोरं हसली. मला राग आला, पण मीही हसलो.

जाळं ओढायला कोण आलं, कोण नाही, हे त्यांच्या घरी भिंतीवर गेरूने टिपत. मासळीचे वाटे त्यावरूनच पडत. बाईंनी ती रीत बालवाडीत आणली होती. एका घराची एक ओळ. घरातलं लहानगं बालवाडीत आलं की लाल ठिपका. त्याच घरातली मोठी बहीण त्या दिवशी शाळेत गेली असेल तर लालच्या खाली कोळशाचा काळा. त्यासाठी बाई रोज संध्याकाळी शाळेच्या गुरुजींच्या दारात उभ्या राहत. गुरुजी चिडत, पण सांगत.

"पाहा," त्या मला बोट फिरवून दाखवत, "लाल आहे तिथी काळा आहे. लाल नाई, त्या दिवशी काळा भी नाई. लहानं इथी बसलं म्हणजे मोठी तिथी बसते." हे शेवटचं वाक्य त्या कोणालाही ऐकवत. कोतवालाला, पाटलाला, विहिरीवरच्या बायांना. मीही ऐकलं. मान डोलावली आणि विसरलो.

पुढे नागपूरहून एक मोठे साहेब पाहणीला यायचे ठरले. बालवाड्या ठेवायच्या की मोडायच्या, ते या पाहणीवर होतं. बाईंना मात्र धास्ती नव्हती. "येऊ द्या. त्याईले भिंत दाखवीन," एवढंच म्हणाल्या. पाहणीच्या आदल्या दिवशी त्या मूलच्या बाजाराला गेल्या असताना मी गावात पोचलो. मला ती भिंत फक्त मळकी दिसली. कोतवालाकडून चुना लावून घेतला आणि वर 'सुस्वागतम्' लिहिलं. आपण काम चोख केलं, असं मला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "या बालवाडीचा काही उपयोग होतो, हे कशावरून?"

बाई याच प्रश्नाची वाट पाहत होत्या. पोरांची दाटी सारून त्या वळल्या, भिंतीकडे हात केला, आणि तो तसाच राहिला. "इथी होतं, साहेब. दोन सालाचं होतं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय होतं भिंतीवर?"

मी म्हणालो, "काही नाही, साहेब. डाग होते."

साहेबांच्या अहवालात आलं, की बाईंच्या सांगण्याला आधार नाही, त्या खोटं बोलतात. ती बालवाडी बंद झाली, आणि तालुक्यातल्या बाकीच्याही.

भाताच्या रोवण्याच्या दिवसांत मी त्याच वाटेने जात होतो. दुसरीत भराभर वाचणारी कौसल्या भावाला कडेवर घेऊन बांधावर उभी होती. "शाळा काय झाली गं?" मी विचारलं. तिला माझा प्रश्नच वेडगळ वाटला. "याले कोण पाहीन मग?" ती म्हणाली.

मी तसाच बाईंच्या घरी गेलो. आतल्या भिंतीवर नव्या ओळी होत्या. लाल एकही नाही. काळे ठिपके दिवसागणिक विरळ होत गेलेले. कौसल्याच्या ओळीत तर पहिल्या आठवड्यानंतर नुसती माती.

"बालवाडी तुम्ही बंद केली, साहेब. हजेरी बंद नाई झाली. आता तर अजून साफ दिसून राह्यलं."

साहेब! आतापर्यंत मी भाऊ होतो.

मी म्हणालो, "बाई, चुकलो मी. हे सगळं कागदावर उतरवून वर पाठवतो."

"माफी माह्या कानात काऊन सांगता? खोटी तर चारचौघात पाडली ना मले? आन् कागद पाठवसान, तर वरचे म्हणतीन, हे त्याच खोट्या बाईचं आहे. आधी ते पुसा."

बाईंचं म्हणणं खरं होतं. पुढे तो कागद वर गेला, बरोबर माझा कबुलीजबाबही गेला, आणि तालुक्यातल्या बालवाड्या शाळेला लागून पुन्हा उघडल्या. रोवण्याच्या दिवसांत बाया पहाटेच शेतात जातात, म्हणून तेव्हा त्या सूर्य उगवायच्या आत उघडाव्यात, असाही हुकूम निघाला. लहान मुलांसाठीचं धोरण कचेरीत बसून सुचत नाही. कोणीतरी रोज पाहावं, रोज टिपावं, आणि टिपलेलं खोटं ठरवण्याआधी वरच्यांनी ते वाचावं. हे मी आता कोणाहीपुढे छातीठोकपणे सांगतो. कौसल्या मात्र शाळेत परतली नाही. तिच्यासारखीच घरी बसलेली तिची धाकटी बहीण परतली.

पण कागद जाण्याआधी मी गाव गोळा केलं. त्याच पांढऱ्या भिंतीसमोर बाया, गुरुजी, कोतवाल बसले. मी लिहून आणलेलं हळू आवाजात वाचू लागलो. सगळ्यांच्या मागून भागरताबाई म्हणाल्या, "जोरानं वाचा. मागं ऐकू नाई येऊन राह्यलं."

मी कागद खाली ठेवला आणि मोठ्याने म्हणालो, "या भिंतीवर डाग होते, असं मी साहेबांना सांगितलं. ते खोटं होतं. ती तुमच्या पोरींची दोन सालांची हजेरी होती, आणि ती मी पुसली. बाई खरं बोलत होत्या. भागरताबाई, मला माफ करा."