सुपातली चिठ्ठी

एक बाई शिकायला अमरावतीला जाणार होती. तिचं जाणं माझ्यामुळे राहिलं. हे मी घरीसुद्धा कधी सांगितलेलं नाही.

नागपूरच्या इंग्रजी शाळेतून शिकून मी नुकतीच बुलढाण्याला परतले होते. अमडापूरच्या शाळेत सुट्टीत बायकांचा आठ दिवसांचा वर्ग भरणार होता आणि तो घ्यायला मला पाठवलं. चारचौघांत बोलायचं म्हटलं की मी अडखळते. म्हणून इंग्रजी पुस्तकात वाचलेला एक खेळ मी निवडला. गोल बसायचं, मनातली एक इच्छा कागदावर लिहायची, नाव घालायचं नाही. चिठ्ठ्या सुपात टाकून मिसळायच्या, मी एकेक वाचायची आणि सगळ्यांनी त्यावर विचार करायचा. कोणाची कोणती, ते कळणार नाही असं मी त्यांना सांगितलं.

अकरा बायका होत्या. त्यांत एक तरुण विधवा होती, हेडमास्तरांची धाकटी भावजय. हेडमास्तर बाहेर ओसरीवर हजेरीपट लिहीत बसत. त्यांच्यासमोर ती तोंड उघडत नसे.

पहिल्या चिठ्ठ्या छान गेल्या. कोणाला लोणारचं तळं पाहायचं होतं, कोणाला सासूच्या आधी जेवायचं होतं. बायका पदरात तोंड लपवून हसत होत्या. मग एक चिठ्ठी मला वाचताच येईना. ती मोडी लिपीत होती. मी देवनागरी आणि इंग्रजी शिकलेली, मोडी कधी गिरवलीच नव्हती. बायकांना विचारलं, कोणालाच येत नव्हती. त्या विधवेने मान खाली घालून पदर पुढे ओढला. मला वाटलं, लाजली.

एकही चिठ्ठी वगळायची नाही असा नियम होता. मी ती ओसरीवर नेऊन हेडमास्तरांना दिली.

त्यांनी चष्मा लावला आणि वर्गात वाचतात तशी मोठ्याने वाचली. "अमरावतीच्या ट्रेनिंग शाळेत अर्ज केला आहे. घरी सांगितलेलं नाही. बोलावणं यावं." वाचून झाल्यावर त्यांनी कागद उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. गावात मोडी लिहिणारी बाई एकच होती, त्यांची भावजय. पटवारी असलेल्या बापाने तिला ती घरी शिकवली होती.

"पोस्टमनले सांगून ठेवतो, अमरावतीचं पत्र माह्याच हाती दे म्हणून," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. तिच्या सासूने चहा दिला आणि ती तिथेच बसून राहिली. आतून भावजय कपबशी उचलायला आली. मी हळूच म्हटलं, ट्रेनिंग शाळेच्या मोठ्या बाईंना मी इंग्रजीत पत्र लिहिते, सगळं समजावून सांगते.

"नका लिहू, बाई," ती म्हणाली. "मोडी येत नाही हे तुमी आधी सांगतलं असतं, तं म्या कोराच कागद टाकला असता."

सासूने विचारलं, काय म्हणते ती? मी म्हटलं, काही नाही.

उरलेले दिवस मी बायकांकडून शिवणकाम करून घेतलं.