विस्तवापासून लांब

बायकोला फेफरं येतं. एकदा चुलीपाशीच आलं आणि हात भाजला. तेव्हापासून घरात तिला विस्तवाजवळ मनाई आहे. मनाई मी केली, म्हणून बोलणीही मीच खातो आणि गॅसही मीच पेटवतो. "लेक मेंदूचंच शिकून राह्यली. येऊ द्या तिले, मंग पाहाते तुमाले," असा तिचा दम असायचा.

लेक पुण्याहून सुट्टीत घरी, घाटंजीला आली. अंगणात रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, भाजायला गोवऱ्या पेटवल्या होत्या. कणीक मळता मळता बायको म्हणाली, "बाई, तू तिथं करते काय, ते तं सांग."

लेकीने सांगितलं. मेंदूतल्या बहुतेक पेशी एकमेकींना रसायनातून निरोप धाडतात. काही मात्र भिंतीला भिंत लावून राहतात. मध्ये बारीक दारं, वीज थेट इकडून तिकडे. ही दारं किती उघडी ठेवायची ते मेंदू स्वतःच बदलत राहतो. डोळ्यांतली तर उजेड-अंधार पाहून कमी-जास्त उघडतात. मी मान हलवत होतो. मान हलवायला समजावं लागत नाही, हे मला लग्नाने शिकवलंय.

"अन् फेफरं?" बायकोने विचारलं.

"त्यात पुष्कळ पेशी एकदम भडकतात. या दारांचाही हात असावा, असं वाटतं."

"मंग लावून टाका ना दारं!"

"आई, चांगली कामंही त्याच दारांमुळे तालात चालतात. सरसकट बंद करून नाही भागत. कोणतं, केव्हा, किती, तेच आम्ही शोधून राह्यलो. तेही माशाच्या मेंदूत."

"मासोळीच्या?" बायको हसली. "तिले कायची विस्तवाची भीती! मंजे मी चुलीपाशी बसू नोको?"

"नको आई. गोळ्या घेत राहा. एवढ्यात नाही."

"एवढ्यात मंजे? मी हाओ तोवर नाई?"

लेक गोवऱ्या सारत बसली. खोटं बोलायला तिला शिकवायचं आमच्याकडून राहूनच गेलं.

बायकोने परात माझ्याकडे सरकवली आणि ओट्याच्या टोकाला जाऊन बसली. मनाई माझी होती तोवर निदान भांडायला नवरा होता. आता कुणाशी भांडणार?

रोडगे मी भाजले. वरून कोळसा, आतून कच्चे. एरवी माझ्या चहालाही ती शेजारणीला बोलावून नावं ठेवते. आज तिने रोडगा फोडला, राख झटकली, वांग्याच्या भाजीशी खाल्ला.

"कच्चे राह्यले ना?" मीच विचारलं.

"नाई," ती म्हणाली. "बरे झाले."