ताईचा कॉम्प्युटर आणि गेलेली लाइट

आम्ही नाशिकच्या इंदिरानगरात राहायला आलो तेव्हा तिथे घरांपेक्षा मोकळे प्लॉटच जास्त होते. लाइट गेली की अख्खी कॉलनी एका सुरात "गेऽऽली" म्हणून ओरडायची आणि आली की त्याहून मोठ्याने "आऽऽली". आता घरोघरी इन्व्हर्टर आहेत. लाइट गेली कधी, आली कधी, पत्ता लागत नाही. सोय झाली हे कबूल, पण ते ओरडणं मला अजून हवंहवंसं वाटतं.

लाइट गेली की आई हातातलं काम टाकून घरभर फिरायची. परत येताना लाइट जोरात येते आणि वस्तू जळतात, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. भिंतीवरची बटणं बंद करून तिचं समाधान होत नसे. घरात जे जे फिरतं, ते ते ती शेवटपर्यंत उलटं फिरवून ठेवायची. पंख्याचा रेग्युलेटर, टीव्हीचा आवाज, सगळंच. लाइट आल्यावर बाबा बातम्यांसाठी रेडिओ लावायचे आणि तो मुका निघाला की तणतणायचे. आई आतून म्हणायची, "जळला नाय ना? मग झालं."

माझी ताई अंबडच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर काम करायची. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. कारखाना पुण्याला हलला, ताईची नोकरी गेली, तेव्हा तिथला जुना कॉम्प्युटर तिने स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून विकत घेतला. टेम्पोतून तो उतरताना शेजारचे सगळे अंगणात येऊन उभे राहिले. आईने जुन्या पडद्याचं कव्हर शिवलं. पुढच्या खोलीत क्लास काढायचा, असं ताईने जाहीर केलं.

बाबांना हे मुळीच पटलं नव्हतं. त्यात इगतपुरीच्या मामांनी रेल्वेतल्या मुलाचं स्थळ आणलेलं. शेवटी बाबांनी अट घातली. ताईने एका रविवारी लोकांना बोलावून कॉम्प्युटर दाखवावा. पाच जणांनी क्लासला नाव घातलं तर क्लास, नाहीतर कॉम्प्युटर विकायचा आणि मुलाकडच्यांना बोलावणं धाडायचं. ताई "बरं" एवढंच म्हणाली. पण त्या आठवड्यात तिने घास नीट गिळला नाही, हे मी पाहत होते.

रविवारी जेवणं आटोपली आणि लाइट गेली. ताई आणि मी तेव्हा बुद्धविहारातून सतरंज्या आणायला गेलो होतो. आम्ही परत आलो तोवर लोक जमायला लागले होते: कोपऱ्यावरच्या काकू आणि त्यांची मुलगी, एक शाळामास्तर, बाबांच्या ऑफिसातले दोघे कारकून. मामाही हजर होते, खुर्ची अडवून, इस्त्रीच्या शर्टात. मला त्यांचा असा राग आला होता म्हणून सांगू! सगळे हातपंख्याने वारा घेत बसले होते, तेवढ्यात बाहेर "आऽऽली" झालं.

ताईने कॉम्प्युटरचं बटण दाबलं. आतला पंखा घुमला, फ्लॉपीचा लाल दिवा लागला, घरघर झाली, बारीकशी शिट्टी वाजली. पडदा मात्र काळा तो काळाच. ताईने बंद केला, थोडं थांबली, पुन्हा लावला. तेच. तिने मागच्या वायरी काढून पुसून घट्ट बसवल्या, स्टॅबिलायझरचा काटा पाहिला, प्लग बदलला. मी टेबलाखाली शिरून धूळ खाऊन आले. तरी पडद्यावर उजेडाचा ठिपका नाही.

"पडद्याची ट्यूब गेली वाटतं," ताई माझ्या कानाशी म्हणाली. ट्यूब नाशकात मिळण्यासारखी नव्हती.

"लाइटीच्या वस्तूचं असंच असतं," मामा म्हणाले. "संसार कसा, लाइट असो नसो, चालू राहतो." दोघे कारकून हसले. मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं. बाबा कुणाच्याच नजरेला नजर देईनात.

आई स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. चार पुरुष बसलेले असले की ती उंबरा ओलांडत नसे. चहासुद्धा आमच्या हाती बाहेर पाठवायची. ती काळ्या पडद्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. एकदम तिने ट्रे माझ्या हातात दिला, डोक्यावर पदर घेतला आणि सरळ माणसांमधून चालत टेबलापाशी गेली. पडद्याच्या खालच्या कडेला एक छोटं चाक होतं. ते तिने रेडिओचा आवाज वाढवावा तसं हळूहळू फिरवलं.

काळ्यातून हिरवी अक्षरं वर आली. आधी पुसट, मग ठळक.

कोपऱ्यावरच्या काकू म्हणाल्या, "वहिनी, तुम्हाला येतं हे?"

आई गोरीमोरी झाली. तोंड उघडून ती खरं काय ते सांगणार, एवढ्यात ताई म्हणाली, "आईला येतं."

"मग माझ्या पोरीचं नाव घे," काकू म्हणाल्या. "आणि दुपारचा वर्ग असला तर माझंही. वहिनींना जमतंय, तर मला का नाही जमणार?" त्यांच्या मागून मास्तरांनी आपल्या दोन्ही मुलांची नावं दिली. मघाशी हसलेल्या एका कारकुनाने घसा खाकरून पुतण्याचं नाव सांगितलं.

आई केव्हाच आत पळाली होती. ताई तिच्या मागोमाग गेली, तिच्या मागून ट्रे घेऊन मी. आई डोळे पुसत म्हणाली, "दुपारी मीच ते फिरवलं गं. तुझं वाटोळं झालं असतं. आणि वर तू लोकांना खोटं सांगितलंस."

"खोटं कुठे? तूच बंद केलंस, तूच चालू केलंस," ताई म्हणाली आणि तिच्या गळ्यात पडून रडली. मीही रडले. ट्रेमधला चहा तसाच गार होत होता.

लोक गेल्यावर मामांनी चपला शोधत बाबांना विचारलं, "मग मुलाकडच्यांना काय कळवू?"

बाबांना सगळं ऐकू गेलं होतं. आमच्या घराच्या भिंती काही जाड नव्हत्या. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"कळवा, सवड नाही म्हणून," ते म्हणाले. "दोघींनाही."