मालखान्यातले भुताचे अंक

नोकरीतल्या मोठमोठ्या गुन्ह्यांचे तपशील आता पुसट झाले आहेत, पण सौंसरच्या पोलीस थान्यातले ते लहानसे प्रकरण अजून जसेच्या तसे डोळ्यांसमोर आहे. त्यात चोरी नव्हती, मारामारी नव्हती. तरीही तीन दिवस मी एका निरपराध माणसाला गुन्हेगार धरून चाललो होतो.

खबर आणली बसस्टँडवरच्या पानठेलेवाल्याने. तो आमचा जुना मुखबिर, म्हणजे खबऱ्या.

"साहेब, दर मंगळवारी एक गठ्ठा लोधीखेड्याच्या बसमधी जाऊन राह्यला. देनारा नाव सांगत नाही, घेनारा सही करत नाही. आठ दिवसांनी तोच गठ्ठा वापस येते."

"काय असेल त्यात?"

"मी कायले उघडू? पन वास येते. लय उग्र."

नागपूरच्या रस्त्याने नशेचा माल जातो, लक्ष ठेवा, असे वरून आदेश होते. पुढच्या मंगळवारी सापळा लावायचे ठरवले. पंचनामा लिहायला थान्याच्या मुन्शीला बरोबर घेतले. लिखापढीत त्याच्याइतका तयार माणूस आमच्याकडे दुसरा नव्हता. त्या दिवशी मात्र तो कुरकुरत होता.

"साहेब, दुसऱ्या कोनाले न्या ना. माझं पोट बरं नाही."

"पोट घेऊनच चल," मी म्हणालो.

भरदुपारी बसमधून गठ्ठा उतरवला आणि पंचांसमोर उघडला. आत तीन जुने, पातळ मासिक-अंक होते. मुखपृष्ठावर उलट्या पायांची बाई, खाली लाल शाईत भडक नावे. भुताखेतांच्या गोष्टी. पानापानांत कागदाच्या पुड्या, त्यांत मळकट पांढरी पूड. बरोबर एक कार्ड होते: 'सातकडून अकराकडे. अकराने आठ दिवसांत परत करणे.' कोणाचेही नाव नाही.

आता शंकेला जागाच उरली नाही, असे मला वाटले. पुड्या काढून नमुना म्हणून सीलबंद केल्या, अंक पुन्हा कापडात बांधून मालखान्यात, म्हणजे जप्तीच्या मालाच्या खोलीत, जमा केले. पंचनाम्यात मुन्शीने दोन ठिकाणी खाडाखोड केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी ते पाहिले, पण पोटाचे कारण खरे मानले.

दरडावल्यावर कंडक्टरने गठ्ठा देणाऱ्याचे नाव सांगितले आणि बुधवारी सकाळी आम्ही त्या माणसाला आणले. वय सत्तरीच्या पुढे, गावात सगळे त्यांना काकाजी म्हणत. गावातल्या बंद पडलेल्या छापखान्यात त्यांनी आयुष्यभर छपाईचे खिळे जुळवले होते. असे अंक इथल्या आणि वऱ्हाड-नागपूरकडच्या लहान छापखान्यांतून निघत आणि दोन-तीन वर्षांत बंद पडत. उरलेले रद्दीत जात. काकाजींनी जमतील तितके वाचवून लोखंडी पेट्यांत ठेवले होते. सुनेच्या फोनवर ते एकेका पानाचा फोटो काढून ठेवत होते, पण निम्मे काम बाकी होते.

"पुड्यांत काय आहे?"

"वेखंड. पानाले कसर लागू नाही म्हनून."

"सगळे असेच सांगतात. हे नंबर कोणाचे?"

"वाचनाऱ्यांचे."

"नावे सांगा."

"नाही सांगत साहेब."

मी आवाज चढवला. जन्म तुरुंगात जाईल म्हणालो. ते त्याच संथ आवाजात सांगू लागले.

"एका मास्तरीनबाईच्या सासूनं सहा अंक चुलीत घातले. घरात भूत आनते म्हने! त्याच्यापुढं नावं बंद, नंबर चालू. तुम्ही नावं लिहून घेसान, गावभर होईन, अन् घराघरांत चूल पेटन. त्या अंकांची दुसरी प्रत कोठंच नाही."

"आणि तुम्ही आत गेलात तर?"

"माले बसवून ठेवा. पन अंक मालखान्यात नका ठेवू. तेथं उंदीर हायेत."

गुरुवारी पुन्हा चौकशी केली. तीच उत्तरे मिळाली. संध्याकाळी जबाब वाचताना मी त्या एका वाक्याशी थांबलो. मालखान्याची किल्ली मुन्शीकडे असते, बाहेरचा माणूस आत पाऊल ठेवत नाही. उंदीर आहेत हे यांना कोणी सांगितले? मी मान वर केली. मुन्शीच्या हातातला पेन थांबला होता.

"साहेब," तो म्हणाला, "सहा नंबर मी."

काकाजी एकदम बोलले, "अबे, गप ना! कोनी विचारलं तुले?"

"राहू द्या काकाजी. साहेब, थान्यात हासतीन म्हनून बोललो नाही. पोलिसवाला अन् भुताच्या गोष्टी वाचते!"

"हा म्हातारा दोन दिवस तुला झाकतोय, आणि तू त्याचाच जबाब लिहितोयस?"

"हो साहेब," एवढेच तो म्हणाला.

मी पंचांना पुन्हा बोलावले आणि सील केलेल्या नमुन्यातली पुडी त्यांच्यासमोर उघडून नाकाशी धरली. माझे आईवडील मजुरी करायचे. धाकट्या बहिणीचे पोट दुखले की आई वेखंड उगाळून लावायची. तो वास ओळखायला मला कोणत्याही तज्ज्ञाची गरज नव्हती. घरातला पहिला पदवीधर मी. शिक्षणाने आणि वर्दीने मला जे दिले त्याचा मी ऋणी आहे. पण जप्तीच्या दिवशी ती पूड माझ्या नाकाखाली होती आणि मी फक्त माल शोधत होतो. शुक्रवारी सरकारी आयुर्वेद दवाखान्यातल्या वैद्यांचा लेखी अभिप्राय घेतला, रोजनामच्यात, थान्याच्या रोजच्या वहीत, नोंद केली आणि प्रकरण बंद केले. वाचकांचा एकही नंबर त्या नोंदीत लिहिला नाही.

सुपुर्दनाम्यावर, म्हणजे ताबापावतीवर, अंक परत देण्यासाठी गठ्ठा सोडला, तेव्हा एका अंकाचे शेवटचे पान कुरतडलेले निघाले. त्याचा फोटो काढायचा राहिला होता. काकाजी खाली वाकून कागदाचे तुकडे वेचू लागले. त्यांनी रागावून बोलायला हवे होते, असे मला अजून वाटते.

गप्प बसलेला माणूस काय लपवतो आहे, हेच आम्ही विचारायला शिकतो. तो कोणाला जपतो आहे, हा प्रश्न मला निवृत्ती जवळ आल्यावर सुचला, आणि तोही एक पान गेल्यानंतर.

"यात काय होते?" मी विचारले.

"पाठ हाये माले. खिळे मीच जुळवले होते. पन लिवाले हात थरथरते आता."

मी कोरा कागद घेतला. विहिरीतून आपलेच नाव ऐकू येणाऱ्या बाईच्या गोष्टीचा शेवट त्यांनी सांगितला, मी लिहून घेतला. संपल्यावर सवयीने खाली लिहिले, 'वाचून दाखवले, बरोबर आहे', आणि सहीसाठी कागद पुढे केला. काकाजींनी चष्मा पुसला, मला सगळे पान पुन्हा वाचायला लावले, एक शब्द बदलून घेतला, आणि मगच सही केली.