सिप्रियनने निवडलेलं इंजिन

निर्मळच्या सिप्रियन तुस्कानोसोबत बाजारात जायला त्याची बायको हिल्डा कधी तयार नसे. हा गृहस्थ साधा नारळ घ्यायचा तर अर्धा ढीग कानाशी हलवून बघे. एकदा छत्री आणायला आगाशीला गेला, दुकानातली प्रत्येक छत्री उघडून उन्हात धरली, आणि शेवटी जुनीच छत्री दुरुस्त करून घरी आला. एकुलत्या एका मुलीसाठी, एमिलीसाठी, मुलगा बघायची वेळ आली तेव्हा हिल्डाने नवऱ्याला सरळ बाजूला बसवलं. याच्यावर सोडलं असतं तर पोरगी घरातच म्हातारी झाली असती, असं ती चारचौघांत सांगायची. सिप्रियनही त्यावर मान डोलवायचा, कारण ते खरंच होतं.

आयुष्यात एकच वस्तू त्याने बघताक्षणी घेतली होती, ती म्हणजे जीप. लष्कराने मोडीत काढलेली, हिरवा रंग उडालेली, टप नसलेली. तिच्यातून तो विड्याच्या पानांच्या करंड्या आणि केळीचे लोंगर वसई रोड स्टेशनवर पोचवायचा. पावसाळ्यात वाड्यांमधले रस्ते चिखलाने भरले की बैलगाडीसुद्धा रुतायची, पण ही बाई डुलत डुलत पार व्हायची. लग्नसराईत तर तिचा रुबाब काही औरच. आदल्या दिवशी सिप्रियन तिला वाडीतल्या बावखलाच्या, म्हणजे तळ्याच्या, पाण्याने घासून धुवायचा, चारी कोपऱ्यांना केळीचे खुंट बांधायचा, सोनचाफ्याच्या माळा सोडायचा. आजूबाजूच्या गावांतल्या कितीतरी मुली याच जीपमधून चर्चच्या दारात उतरल्या. नवरीचं भाडं तो कधी घेत नसे.

एमिली लहानपणी पानांच्या करंड्यांमध्ये बसून त्याच्याबरोबर स्टेशनवर यायची. तुझ्या लग्नात तुला यातूनच नेईन, हे त्याने तिला तेव्हापासून सांगितलेलं. आता तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा कुवेतला नोकरीला होता आणि लग्नानंतर तीही तिकडेच जायची होती. सिप्रियन बोलून दाखवत नसे, पण घरापासून चर्चपर्यंतचा तेवढा रस्ता हाच आपल्या वाट्याचा शेवटचा, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

आणि नेमकं त्या एकोणऐंशी सालच्या जानेवारीत जीपचं इंजिन गेलं. गेलं म्हणजे साफ गेलं. ब्लॉकलाच तडा. वालीवला छोटं वर्कशॉप चालवणारा दिवाकर मेकॅनिक आला, वाकून बघितलं, आणि दवाखान्याबाहेर येऊन डॉक्टर नातेवाइकांकडे बघतो तसा सिप्रियनकडे बघत राहिला. दुसरं इंजिन बसवा, नाहीतर भंगारात द्या, असं त्याचं म्हणणं पडलं. लग्न मेमध्ये होतं. चार महिने म्हणजे भरपूर वेळ, असं दिवाकरला वाटलं. सिप्रियनला तो ओळखत होता, पण पुरता नाही.

मग निवड सुरू झाली. ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन मिळत होतं. ताकद दांडगी, पण वजन इतकं की पुढच्या स्प्रिंगचे पाटे बसले असते आणि जीप कायमची मान खाली घालून चालली असती. नापसंत. जुन्या टॅक्सीचं इंजिन मिळत होतं. हलकं, गुणी, पण वाळूत चाक रुतलं की रडणारं. नापसंत. मॅटाडोरचं चाललं असतं, पण ते लांबीला जास्त. रेडिएटर बंपरवर आणून ठेवावा लागला असता. शिवाय त्याची घरघर अशी की बाजेवाल्यांनी काय वाजवलं ते त्यांनाच ऐकू आलं नसतं. चर्चच्या कॉयरमध्ये पेटी वाजवणारे फ्रान्सिस मास्तर, म्हणजे हिल्डाचे भाऊ, यांनी तर विहिरीवरच्या पंपाचं इंजिन बसवा असा सल्ला दिला. नवरी सकाळी निघाली तर संध्याकाळच्या प्रार्थनेला, मिस्सेला, पोचेल, एवढाच काय तो प्रश्न होता.

ईस्टर आला आणि गेला. जीप शेडमध्ये तोंड उघडं टाकून उभी. नवऱ्या मुलाकडच्यांनी निरोप पाठवला की आमच्याकडे पांढरी फियाट आहे, नवरीसाठी ती पाठवतो. हिल्डाने मनातल्या मनात होकार देऊन टाकला होता. सिप्रियन त्या रात्री जेवला नाही. पोट बिघडलंय म्हणाला.

शेवटी दिवाकरनेच बातमी आणली. मुंबईला दारूखान्यात, जुन्या बोटी तोडतात तिथे, एक लाँच मोडली होती आणि तिची दोन इंजिनं विकायला होती. पेट्रोलची, चार सिलिंडरची, आणि मुख्य म्हणजे जीपच्या इंजिनाच्याच घराण्यातली. सिप्रियन गेला, टेप लावून लांबी मोजली, रुंदी मोजली, गिअरबॉक्सला जोडायच्या भोकांचा कागदावर छाप घेतला आणि काहीही न घेता परत आला. विचार करतो म्हणाला. दिवाकरने कपाळाला हात लावला.

आमच्या इकडे लग्न ठरलं की लागोपाठ तीन रविवारी फादर मिस्सेत नवरानवरीची नावं वाचतात आणि या लग्नाला कोणाची हरकत असेल तर त्याने कळवावं असं सांगतात. एमिलीचं नाव वाचलं जाऊ लागलं होतं. सिप्रियनला वाटलं, पद्धत चांगली आहे. मिस्सा सुटली की चर्चच्या आवारातल्या चिंचेखाली पुरुषमंडळी थांबत, तिथे त्याने इंजिनाची सगळी माहिती जाहीर केली आणि कोणाला काही हरकत माहीत असेल तर बोला म्हणाला. लोकांना आयतं सापडलं. पहिल्या रविवारी कोणीतरी म्हणालं, लाँचचं इंजिन समुद्राच्या पाण्यावर थंड होतं, तुझ्या जीपमागे समुद्र कुठून आणणार? त्यावर दिवाकरने जुना पंप आणि रेडिएटर जोडायचा उपाय काढला. दुसऱ्या रविवारी फ्रान्सिस मास्तरांनी विचारलं, घराण्याचं म्हणतोस, पण खाऱ्या हवेत राहिलेलं. आतून गंजलेलं नसेल कशावरून? उघडून बघायचं ठरलं. तिसऱ्या रविवारी कोणीच काही बोललं नाही. सिप्रियनने दोनदा विचारलं. मंडळींनी एकमुखाने आशीर्वाद दिला आणि पाव-मटणासाठी आपापल्या घरी गेली.

सोमवारी दोघे पुन्हा दारूखान्यात. तिथला भंगारवाला सज्जन माणूस होता. त्याने आपण होऊन सांगितलं की ही जोडी आहे, नीट बघून कुठलं ते ठरवा. जोडी म्हटल्यावर तर सिप्रियनच्या अंगात उत्साह संचारला. एकाच जातीची दोन इंजिनं शेजारी शेजारी, आणि त्यातलं एक निवडायचं, म्हणजे त्याला मेजवानीच. झाकणं काढली, बोट फिरवून बघितलं, तेलाचा वास घेतला. मग बॅटरी जोडून दोन्ही आळीपाळीने चालू करायला लावली. दिवाकर मागच्या बाजूला बसून धुराचा रंग बघत होता. सिप्रियनने नारळ ऐकताना मिटायचा तसे डोळे मिटून घेतले आणि कान पुढे केला. उजवीकडचं किंचित कुरकुरत होतं. डावीकडचं गोड. डावीकडचं घेतलं.

ते बसलंही असं की दिवाकरलाच नवल वाटलं. भोकाला भोक जुळलं, क्लच जागेवर गेला, बॉनेट न ठोकता बंद झालं. लग्नाला आठवडा उरला असताना सगळी वाडी शेडभोवती जमली. सिप्रियनने चावी फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. त्याने खूण करून लोकांना समोरून बाजूला व्हायला सांगितलं, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि जीप मागच्या भिंतीतून बाहेर केळीत गेली.

झावळ्यांचीच भिंत होती, त्यामुळे इजा फक्त केळींना झाली. सिप्रियनला वाटलं, गिअर चुकला. पुन्हा टाकला. जीप आणखी मागे. दुसरा टाकला तर मागेच, पण जोरात. बावखलाच्या काठाशी ब्रेक लागला म्हणून बरं. दिवाकर धावत आला, बॉनेट उघडून फिरत्या पुलीकडे बघत उभा राहिला आणि हळूहळू त्याचा चेहरा पडत गेला.

"काका," तो म्हणाला, "हे उलटं फिरतंय."

मग उलगडा झाला. लाँचला दोन इंजिनं असली की एक सुलट फिरवतात आणि एक उलट. दोन्ही एकाच बाजूला फिरली तर लाँच सरळ जायची नाही. जीपला सुलट लागत होतं. कुरकुरणारं ते सुलट होतं. लांबी, रुंदी, वजन, गंज, आवाज, सगळ्याची चौकशी झाली. ते कुठल्या बाजूला फिरतं, हे चिंचेखालच्या एकाही शहाण्याला सुचलं नव्हतं. दिवाकर पहिल्या गाडीने दारूखान्यात गेला, तर कुरकुरणारं इंजिन गुजरातकडच्या एका मच्छीमाराने उचललेलं. दिवाकरकडे तोंड वासून बघण्यापलीकडे भंगारवाल्याच्या हातात काही नव्हतं.

तरी एक सोय होती. पुढचे तीन गिअर मागे नेत होते, म्हणजे रिव्हर्स गिअर पुढे नेणार. नेलं. अगदी सावकाश, कण्हत, पण पुढे. लग्नाची वरात तरी कुठे पळत जाते, म्हणून सिप्रियनला धीर आला. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर गिअर जपून ठेवला असता. पण याला खात्री करून घ्यायची सवय. रोज चर्चपर्यंत जाऊन यायचा. एकदा आगाशीपर्यंत गेला. रिव्हर्सच्या त्या बिचाऱ्या दात्यांना आयुष्यात एवढं काम कोणी सांगितलं नव्हतं. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी कडकड आवाज आला आणि ते दाते गेले. आता जीपकडे तीन गिअर उरले आणि तिन्ही मागे जाणारे.

हिल्डाने फ्रान्सिस मास्तरांना बोलावून फियाटवाल्यांकडे निरोप द्यायला सांगितला. मास्तर सायकलवर टांग टाकणार इतक्यात एमिली बाहेर आली. हातांवर हळद, केस मोकळे. बाबा कुठे आहे विचारलं. बाबा शेडमध्ये जीपच्या पायरीवर बसला होता, आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं. एवढं पारखून पारखून आपण पोरीचं लग्न हास्यास्पद करून ठेवलं, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. एमिली त्याच्याजवळ न जाता दारातूनच म्हणाली, "मामा, निरोप नको. मी हिच्यातूनच जाणार." हिल्डाने लोक हसतील म्हटल्यावर ती म्हणाली, "हसू देत की. लग्नाला येतात कशाला मग?"

त्यामुळे दुसऱ्या दिवशी निर्मळला कोणी पाहिली नव्हती अशी वरात निघाली. जीपचं तोंड घराकडे आणि पाठ चर्चकडे. बाजेवाल्यांनी पुढे चालायचं की मागे, यावर थोडा वाद घातला आणि अखेर जीपच्या तोंडासमोर उभे राहिले; म्हणजे वरातीच्या मागे. केळीचे खुंट, सोनचाफ्याच्या माळा, सगळं होतं. एमिली पांढरी साडी आणि डोक्यावरून सोडलेली जाळीदार व्हेल सावरत मागच्या सीटवर बसली. सिप्रियन कोट घालून पुढे. त्याने पहिला गिअर टाकला, डावा हात शेजारच्या सीटवर ठेवला आणि मान मागे वळवली.

आणि तिथेच तो थबकला. इतक्या वर्षांत इतक्या नवऱ्या नेल्या, पण त्या सगळ्या त्याच्या पाठीमागे होत्या. रस्त्यावर त्यांचे चेहरे कसे होतात हे त्याला कधी दिसलंच नव्हतं. आता रस्ता बघायचा म्हणजे एमिलीच्या खांद्यावरून बघायचा, आणि नजर तिथे पोचेपर्यंत मध्ये एमिली होती.

जीप सुटली. लोक खरंच हसत होते, पोरं आरडत होती, बाजा वाजत होता. एमिलीही आधी हसली. मग तिची नजर त्याच्यावरून पुढे गेली. सगळ्या मुली घराकडे पाठ करून जातात. हिला मात्र समोर घर दिसत होतं. दारात थांबलेली आजारी आत्या, ओटा, विहीर, शेड, पानवेली, एकेक करून लहान होत जाणारं सगळं, आणि बाज्यामागून डोळे पुसत चालणारी आई. ते सगळं तिच्या डोळ्यांत येत गेलं आणि सिप्रियन तिथेच ते बघत गेला. घर वळणाआड झालं तेव्हा तिने नजर काढून घेतली आणि ती त्याच्याकडे बघू लागली.

दुसरा गिअर टाकायला काही हरकत नव्हती. त्याने टाकला नाही. फादर दारात ताटकळले असतील, फियाटवाले घड्याळ बघत असतील, हे त्याला समजत होतं. वाटेतल्या दुसऱ्या बावखलाच्या काठाशी चाक थोडं सरकलं, मागून चार जणांनी आवाज दिला, त्याने जीप सावरली आणि परत तसाच बघत राहिला.

"बाबा," एमिली म्हणाली, "रस्त्याकडं बघ."

"बघतोय," सिप्रियन म्हणाला. पण तो तिच्याकडेच बघत होता.